मांडवीतली बेटं आणि त्यांचे बांध

गुरुवार, नार्वे

पणजीच्या वरच्या अंगाला मांडवी समुद्राला मिळायच्या आधी एवढे फाटे फोडते की तिच्या पात्रात बेटांचा अख्खा घोळका तयार झालाय. चोडण, दिवाडी, जुवे, कुंभारजुवे, वांशी, आणि अजून बारकी बारकी. गोव्यात फिरायला येणारे बहुतेक लोक जुन्या गोव्याची चर्चेस बघून नदीपलीकडे एक नजर टाकतात आणि परत किनाऱ्यावर जातात. मला ही बेटं सलग बघायची होती, आणि नुसती बघायची नाही तर तिथल्या लोकांशी निवांत बोलायचं होतं. मावशीचं घर डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला, समोर नदी आणि पलीकडे दिवाडी, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्नच नव्हता, मावसभावाची स्कूटर पण होती.

संध्याकाळी सप्तकोटेश्वराला जाऊन आलो. हा देव मूळचा दिवाडीचा, कदंब राजांचं दैवत. पोर्तुगीजांनी बेटावरचं देऊळ पाडलं आणि देव नदी ओलांडून इकडे आला, मग १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथलं देऊळ बांधवून घेतलं, त्याचा शिलालेख आहे. २०२३ मधे जीर्णोद्धार झाल्यावर देऊळ आता छानच दिसतं. पण मला नेहमी वाटतं की या बेटांची गोष्ट सांगायची तर इथूनच सुरुवात करावी, कारण संकट आलं की नदी पार करून जाणं हे इथे देवांपासून चालत आलंय. आता माणसं जातायत, आणि ती लांब जातायत.

अमावस्या होती. जेवणं झाल्यावर मावशी म्हणाली, उद्या दुपारची भरती मोठी असेल, उधाण बघायचं तर चोडणला दुपारीच पोच.

शुक्रवार, चोडण

नार्व्याहून मयेमार्गे चोडणला रस्त्याने जाता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, सगळे रायबंदरहून फेरीबोटीनेच जातात. रस्ता सुंदर आहे, एका बाजूला माडांची भाटं म्हणजे बागा, दुसऱ्या बाजूला खाजणं. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली गेली असती अशी सखल जमीन, जी बांध घालून शेतीखाली आणलीय. सगळ्या गोव्यात मिळून अशी साधारण १८,००० हेक्टर जमीन आहे. आणि हे पोर्तुगीजांचं काम नाही हां, बांदिवड्याला मिळालेल्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या ताम्रपटात खाजण लागवडीखाली आणायचा उल्लेख आहे, म्हणजे दीड हजार वर्षं तरी लोक हे करतायत, मशीन नाही सिमेंट नाही, नुसती चिकणमाती, पेंढा, जांभा दगड आणि हात.

भावाच्या ओळखीचे एक काका, वय सत्तरीच्या पुढे, आम्हाला बांधावर घेऊन गेले. त्यांच्याबरोबर तासभर चाललो असू. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला कापणी झालेलं शेत, आणि मधे आम्ही ज्यावर चालत होतो तो मातीचा बांध, वर जेमतेम दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद. दुपार होत आली तसं पाणी चढायला लागलं. नदीची पातळी शेताच्या पातळीपेक्षा सरळ सरळ उंच दिसत होती, माझ्या कमरेएवढा फरक असेल. म्हणजे त्या शेतात उभा असलेला माणूस नदीच्या खाली उभा आहे. हे वाचून माहीत होतं पण डोळ्यांनी बघितल्यावर पोटात गोळा आला, कारण त्या शेताच्या पलीकडे काही अंतरावर घरं होती, विहिरी होत्या, तुळशी वृंदावनं आणि क्रॉस होते.

काकांनी मानस दाखवली. बांधातून शेतातलं जादा पाणी बाहेर काढायचा जो दरवाजा असतो ती मानस, दगडी कमानी आणि त्यात लाकडी झडपा. भरती आली की नदीच्या पाण्याच्या दाबानेच झडप बंद होते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि पावसाचं साठलेलं पाणी निघून जातं. कुणी जाऊन उघडझाप करायला नको. पीक निघाल्यावर मुद्दाम थोडं खारं पाणी आत घेतात, त्याने तण मरतं, आणि पाण्याबरोबर सुंगटं म्हणजे कोळंबी आणि मासे आत येतात ते मानसीच्या तोंडाशी जाळं लावून पकडतात. इथे पूर्वापार कोरगुट नावाचं भात घेतात, ते थोडाफार खारेपणा सोसतं. म्हणजे एकाच जमिनीत भात आणि मासळी, दोन्ही, आणि मानसीच्या मासळीचा लिलाव व्हायचा तो पैसा परत बांधाच्या दुरुस्तीला. इतकी विचार करून बसवलेली व्यवस्था मी दुसरीकडे बघितली नाही, खरंच सांगते.

आता बिघडलं कुठे. पूर्वी हे सगळं गावकारीकडे, म्हणजे गावाच्या सामूहिक संस्थेकडे होतं, पोर्तुगीजांनी तिलाच कोमुनिदाद म्हटलं. बांधावर नजर ठेवायला माणूस नेमलेला असायचा, कुर्ल्यांनी म्हणजे खेकड्यांनी बीळ पाडलं, उंदरांनी पोखरलं, की लगेच बुजवायचं, कारण बोटभर भोकातून पाणी आत यायला लागलं की दोन भरत्यांत तिथे खिंडार पडतं. भरभक्कम दंड असायचे. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळायला लागला. हे न्यायाचंच होतं, यात मला काडीची शंका नाही, ज्यांनी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याची शेतं नांगरली त्यांना जमीन मिळायलाच हवी होती. पण बांधाची जबाबदारी गावकारीकडून कूळ संघाकडे आली, आणि संघ म्हणजे कोण, तर तेच छोटे छोटे शेतकरी ज्यांच्या हातात ना पैसा ना वेळ, ज्यांची पोरं नोकरीला लागली. जमीन वाटता येते, बांध वाटता येत नाही. एकाने आपल्या वाट्याचं शेत पडीक टाकलं आणि त्याच्या समोरचा बांध फुटला तर खारं पाणी सर्वे नंबर बघून थांबत नाही.

आणि मासळीचा लिलाव. आता मानसीचा ठेका घेणाऱ्याला भातापेक्षा सुंगटांचे पैसे जास्त मिळतात, त्यामुळे झडप उघडी ठेवायचा, खारं पाणी जास्त दिवस आत ठेवायचा मोह होतो. काका बोलताना चिडले नाहीत, पण एके ठिकाणी थांबून त्यांनी समोर बोट दाखवलं. तिथे शेत नव्हतं. तिवरांचं म्हणजे खारफुटीचं रान होतं, गच्च, हिरवंगार. त्यांचं शेत होतं ते. बांध फुटला, दोन पावसाळे दुरुस्त झाला नाही, तोवर तिवरांची रोपं रुजली, आणि एकदा तिवर उभी राहिली की कायद्याने तोडता येत नाहीत.

“पाणी आयलें काय सोंपलें, बाय,” एवढंच ते म्हणाले.

इथे माझंही मन दोन्हीकडे ओढलं गेलं. कारण तिवरांचं महत्त्व मला पटतंच, बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवर असली तर लाटेचा मार कमी होतो, माशांची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात. याच बेटाच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ मधे घोषित झालेलं, जेमतेम १७८ हेक्टर, आणि ते जवळजवळ पूर्ण तिवरांचंच आहे. संध्याकाळी आम्ही तिथे गेलो, ओहोटी लागली होती, चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, जांभळा बगळा दिसला, खंड्या तर जागोजाग. खाजणांत पाणमांजरं पण राहतात, ती मानसीपाशी मासे पकडायला येतात, त्यांच्यावर संशोधन करणारे लोक या बेटावर राहून काम करतायत. त्यामुळे शेत विरुद्ध तिवर असं भांडण लावून देणं मला चूक वाटतं. बांध वेळेवर राखला असता तर बाहेर तिवर आणि आत भात अशी दोघांची सोय शेकडो वर्षं होतीच की. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांसाठी वेगळी तरतूद आहे, खाजणांत बांधकाम करता येत नाही वगैरे, पण कागदावर संरक्षण असून बांधाला माती कोण टाकणार हे त्यात कुठून येणार.

अभयारण्याच्या तिवरांच्या मुळांत अडकलेलं प्लॅस्टिक बघून वाईट वाटलं. बाटल्या, चिप्सची पाकिटं, थर्माकोल, एक चप्पल. हे बेटावरच्या लोकांनी टाकलेलं नाही, भरतीबरोबर येतं आणि इथे अडकून राहतं.

फेरीधक्क्यावर थोडा वेळ बसलो. रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ च्या जुलैपासून मोठ्या रो-रो फेऱ्या सुरू झाल्यात, गाड्या जास्त मावतात, वेळ कमी लागतो. गावातली मंडळी खूश आहेत आणि त्यांनी का असू नये, रोज ऑफिसला जाणाऱ्याला रांगेत अर्धा तास घालवायचा म्हणजे काय ते त्यालाच माहीत.

शनिवार, दिवाडी

सकाळी नार्व्याच्या धक्क्यावरून जुन्या पद्धतीच्या फेरीने दिवाडीला. दिवाडीला कुठूनच पूल नाही. नार्व्याहून, जुन्या गोव्याहून आणि रायबंदरहून फेरी आहे, तेवढंच. गंमत म्हणजे कोकण रेल्वे बेटावरून जाते, करमळी सोडून थिवीकडे जाणारी गाडी दिवाडीच्या शेतांवरून धडधडत जाते, पण बेटावर स्टेशन नाही. रेल्वेचा मार्ग ठरत होता तेव्हा नव्वदच्या दशकात गोव्यात मोठं आंदोलन झालं होतं, खाजणांमधून भराव टाकला तर पाण्याचे मार्ग तुंबतील हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता.

आधी कोटितीर्थाला गेलो, जुनी दगडी पुष्करणी, सप्तकोटेश्वराच्या मूळ जागेजवळची. आजूबाजूला झाडी, कोणी नाही. मग टेकडीवरचं पिएदादचं चर्च. त्याच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलला जुन्या देवळाचं कोरीव छत अजून आहे. वरून सगळं बेट दिसतं, पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे, मधे नदी, आणि खाली सपाट खाजणं. ज्यांना दिवाडी समजून घ्यायची त्यांनी आधी इथे वर यावं, कारण वरून बघितल्यावरच कळतं की वस्ती सगळी टेकडीला चिकटून आहे आणि उरलेलं जवळजवळ सगळं बेट बांधाच्या जिवावर आहे.

खाली गावात फिरताना घरं बघत होतो. काय सुंदर घरं! ऑयस्टर शेलच्या खिडक्या, बलकांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, रंगवलेले खांब. आणि एकामागून एक कुलूपबंद. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते, त्यामुळे किती तरी तरुण त्या पासपोर्टवर युरोपात, इंग्लंडात गेले, त्याआधी आखातात, त्याआधी मुंबईला आणि आफ्रिकेला. हिंदू घरांतही वेगळं चित्र नाही, पोरं पणजीला, पर्वरीला, पुण्याला फ्लॅट घेऊन राहतात आणि चतुर्थीला येतात. मागे राहतात म्हातारी माणसं.

मावशीच्या ओळखीच्या एका काकींकडे जेवायला होतो, नवरा गेलेला, मुलगा पुण्यात आयटीत. सुंगटांचं हुमण, तळलेले मुडदुशे, सोलकढी, हाताची चव काही विचारू नका. जेवताना सहज विचारलं की पूल हवा का. काकी बराच वेळ गप्प बसल्या आणि मग बोलायला लागल्या ते थांबल्याच नाहीत. एका रात्री त्यांच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा फेरी पलीकडच्या धक्क्याला होती, हाका मारल्या, टॉर्च दाखवला, फेरी येईपर्यंतचा वेळ त्यांना अजून झोपेत आठवतो. तेव्हा ते वाचले, नंतर दोन वर्षांनी गेले. तौक्ते वादळात, मे २०२१ मधे, वीज गेली ती कितीतरी दिवस नाही, झाडं पडून रस्ते बंद. म्हणजे पूल हवा ना मग? तर काकी म्हणाल्या, नको. पूल झाला की सहा महिन्यांत ही समोरची भाटं विकली जातील, व्हिला होतील, स्विमिंग पूल होतील, विहिरीचं पाणी कुठून पुरणार. शेजारची त्यांची पुतणी, पंचविशीतली, पणजीला नोकरीला जाते, ती लगेच म्हणाली, काकी, तुला नको पण मला हवाय, मी रोज दोन फेऱ्या पकडते, पावसात भिजत, आणि लग्नाच्या स्थळांना बेटावरची मुलगी चालते पण बेटावर राहायला कोणी तयार नसतो.

दोघी एकाच ओसरीवर बसून एकमेकींच्या विरुद्ध बोलत होत्या आणि मला दोघींचंही पटत होतं. काकींची भीती हवेतली नाही, गोव्यात जमिनीचे झोन बदलण्यावरून केवढं रान पेटलंय ते सगळ्यांना माहीत आहे, नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) चे नियम हायकोर्टाने मार्च २०२५ मधे रद्द केले ते उगीच नाही. पण पुतणीला ‘बेटाचं सौंदर्य टिकव’ असं सांगायचा अधिकार मला, वर्षातून चार दिवस येणाऱ्या बाईला, कुठून मिळाला? माझं आपलं मत असं झालंय की पुलाआधी दुसऱ्या दोन गोष्टी व्हायला हव्यात. रात्री-अपरात्री पेशंटसाठी चोवीस तास तयार असलेली बोट आणि बेटावर डॉक्टर. आणि खाजणांचे बांध. या दोन गोष्टी असतील तर पुलाचा निर्णय लोक शांत डोक्याने घेऊ शकतील, आत्ता ते भीतीपोटी हो म्हणतात नाहीतर भीतीपोटी नाही म्हणतात.

विहिरीचं काकींनी जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे. खाजणाच्या कडेच्या विहिरी गोड्या राहतात त्या बांधामुळे. बांध फुटून खारं पाणी शेतात उभं राहिलं की जमिनीतून झिरपत विहिरीला लागतं, आणि एकदा विहीर मचूळ झाली की दोन-तीन पावसाळे चांगले गेले तरच सुधारते. म्हणजे बांध हा फक्त शेतकऱ्याचा विषय नाही, ज्याने आयुष्यात नांगर धरला नाही त्याच्या चहाच्या पाण्याचा पण विषय आहे. आणि वरून म्हादईचं पाणी. मांडवी म्हणजेच म्हादई, तिच्या पाण्यावरून कर्नाटकाशी वाद चाललाय, लवादाने ऑगस्ट २०१८ मधे कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं. बेटावरच्या लोकांना याची काळजी वेगळी आहे. उन्हाळ्यात वरून गोडं पाणी कमी आलं की समुद्राचं खारं पाणी नदीत आणखी आतपर्यंत चढतं. दुसरीकडे समुद्राची पातळी, १९०१ पासून जगभरात सरासरी २० सेंटिमीटरच्या आसपास वाढलीय आणि वाढतेच आहे. दोन्ही बाजूंनी दाब त्याच मातीच्या बांधावर.

दिवाडी म्हटली की लोकांना बोंदेरा आठवतो, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, वाड्यावाड्यांचे झेंडे, मिरवणूक, त्या दिवशी फेरीला तोबा गर्दी. मी तो बघितला नाहीये, बघायचाय.

रविवार, जुवे आणि कुंभारजुवे

आमोण्याचा पूल ओलांडून माशेलच्या बाजूला, तिथून पुढे. जुव्याला आता पुलाने जाता येतं. हे बेट भाजीचं. सात शिरांची भेंडी इथली, लांबलचक आणि कोवळी, तिला जीआय मानांकन मिळालंय, पण ती पावसाळ्याची, आम्हाला मिळाली नाही. रस्त्याकडेला एक बाई मुळे आणि तांबडी भाजी घेऊन बसल्या होत्या त्यांच्याकडून भरपूर घेतलं. त्या म्हणाल्या, पूल आल्याने भाजी बाजारात न्यायला बरं पडतं, पण भाजी करणारे हात कमी झालेत, आमच्यानंतर कोण करेल माहीत नाही. म्हणजे दिवाडीला पूल नाही म्हणून पोरं जातात आणि जुव्याला पूल आहे तरी पोरं जातात. हे ऐकल्यावर कालचा पुलाचा वाद मला जरा वेगळाच दिसायला लागला.

टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत आणि वर ख्रिस्ताचा मोठा पुतळा. नोव्हेंबर १६८३ मधे रात्री ओहोटी लागल्यावर संभाजी महाराजांच्या लोकांनी नदी ओलांडून हा किल्ला घेतला होता. पोर्तुगीजांचा विजरई म्हणजे व्हाइसरॉय स्वतः परत घ्यायला आला आणि जखमी होऊन जुन्या गोव्याला पळाला. भरती-ओहोटीचं गणित ज्याला कळलं त्याची सरशी, इथे हे तेव्हाही होतं.

कुंभारजुव्याला दुपारी. मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा इथूनच जातो आणि त्यात मगरी आहेत, गोड्या पाण्यातली मगर असून खाऱ्या पाण्यात राहणारी, म्हणून लांबून लोक बघायला येतात. होडीने गेलो, दोन मगरी दिसल्या, एक चिखलात तोंड उघडून पडलेली. पण मी जास्त वेळ बघत होते ते काठ. जागोजागी काठ ढासळलेला, बांधाचे दगड पाण्यात आलेले. होडीवाल्या भाऊंनी सांगितलं की खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाच्या बार्जी दिवसरात्र या नद्यांतून जायच्या, एकामागे एक, त्यांच्या लाटा दर वेळी बांधावर आपटायच्या. २०१२ मधे खाणी बंद झाल्या, मग काही काळ सुरू, मग २०१८ मधे सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. बार्जी थांबल्या तसे काठ थोडे सावरले, पण बार्जीवर काम करणारी घरं पण बसली, भाऊंचा थोरला भाऊ बार्जीवरच होता. २०१६ च्या कायद्याने हा कालवा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ झालाय आणि मांडवी ६८, म्हणजे पुढेमागे इथे मोठी वाहतूक आणायचा विचार आहे. तेव्हा बांधांचं काय, हा प्रश्न भाऊंनी मला विचारला, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चतुर्थीत सातव्या दिवशी इथे सांगोड असतो, दोन होड्या एकत्र बांधून त्यावर देखावे करतात आणि गणपती पाण्यातून जातात. भाऊ त्याबद्दल बोलताना इतके खुलले की होडी चालवायचं थांबले.

येताना माशेलला देवकीकृष्णाचं दर्शन घेतलं. कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी. हा देव चोडणचा, तोही नदी ओलांडून आलेला.

सोमवार, परत चोडण

निघायचं होतं दुपारी, पण शुक्रवारच्या काकांनी सांगून ठेवलं होतं की सोमवारी सकाळी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बांधाचं काम आहे, बघायचं असेल तर या. आठच्या सुमाराला पोचलो. पलीकडे जुन्या गोव्यात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताचे नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) आजपासून, त्यामुळे रस्त्यावर भाविकांच्या गाड्या.

खिंडार आठ-दहा हात रुंद होतं. काम ओहोटीच्या तीन-चार तासांतच करावं लागतं, भरती आली की थांबायचं आणि अर्धवट केलेलं वाहून जाऊ नये म्हणून आधीच पुरेसं पुढे न्यायचं. दोन ओळींत लाकडाच्या मेढी चिखलात ठोकलेल्या, त्यांना आडवे बांबू आणि चुडतं म्हणजे माडाच्या झावळ्या विणलेल्या, आणि त्यांच्या मधे शेतातली चिकणमाती ठोकळ्यासारखी कापून आणून पेंढ्याबरोबर थरावर थर. पायाने तुडवायचं. जेसीबी इथपर्यंत येऊ शकत नाही, बांधच त्याचं वजन घेत नाही. काम करणारे दहा-बारा जण, त्यातले गावचे चारच, साठीच्या वरचे, बाकी झारखंड आणि उत्तर कर्नाटकातली तरुण मुलं. काका काठावर उभे राहून त्या मुलांना हिंदी-कोकणी मिसळून सांगत होते की माती किती ओली हवी, हातात दाबली की बोटांचे ठसे उमटले पाहिजेत पण पाणी सुटता कामा नये. एक मुलगा, रांचीकडचा, त्याने दोनच दिवसांत बरोबर पकडलं होतं, काका त्याच्या हाताकडे बघून माझ्याकडे वळून म्हणाले, ह्या पोराक कळ्ळें.

मला तो क्षण फार आवडला आणि त्याचबरोबर काळजीही वाटली, कारण हे ज्ञान आता त्या मुलाकडे जातंय आणि तो पुढच्या वर्षी इथे असेलच असं नाही. बेटावरच्या मुलांना शाळेत पर्यावरण विषय आहे, त्यांना एकदा तरी या चिखलात उभं करायला हवं असं मला मनापासून वाटतं. आणि सरकारी मदत मिळते तीही निविदा काढून, ठेकेदाराकडून, काँक्रीटचा बांध घालायला. जांभा आणि मातीचा बांध थोडा दबतो, थोडा सरकतो, पण त्याला तडा जात नाही. काँक्रीट एका जागी खचलं की खालून पाणी घुसतं. हे काका सांगत होते आणि समोरच जुना काँक्रीटचा तुकडा वाकडा पडलेला दिसत होता.

काम चालू असताना संघाचे सेक्रेटरी वही घेऊन आले. वहीत प्रत्येक जमीनधारकाचं नाव, किती क्षेत्र आणि बांधाच्या वर्गणीपैकी किती आली. निम्म्याहून जास्त रकाने रिकामे. बरेच पत्ते मुंबईचे, काही कुवेतचे, आणि इंग्लंडातल्या स्विंडनचे तर ओळीने. काहींचा वारसा हक्कच नोंदलेला नाही, चार भावांच्या नावावर पाच गुंठे, त्यातले दोघे हयात नाहीत, पैसे कोणाकडे मागायचे. त्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय, दर भरतीला बांधाचा फोटो टाकतात. आज सकाळी खिंडाराचा फोटो टाकल्यावर स्विंडनच्या एका बाईंनी तिथल्या पहाटे चार वाजता पैसे पाठवले, आणि खाली लिहिलं, माझ्या आईच्या विहिरीचं पाणी अजून गोड आहे का?

सेक्रेटरींनी बायकोला फोन करून विहिरीतलं पाणी काढून चाखायला सांगितलं आणि हो असं उत्तर पाठवलं. मग वहीत तिच्या नावापुढे रक्कम लिहिली आणि हिशोब केला. या अमावस्येचं उधाण कसंबसं निभावलं होतं. ४ डिसेंबरला पौर्णिमा, त्याआधी खिंडार बुजवून बाहेरून दगड लावायचे, दगडाचे अजून पाच ट्रक लागतील आणि पैसे तीन ट्रकांचे आहेत. मी आणि भावाने आमच्याकडून थोडी भर घातली, त्यांनी घ्यायला आधी नको नको केलं, मग वहीत नवा रकाना आखून त्यावर ‘बाहेरचे’ असं लिहिलं. आणखी कोणाला द्यायचे असतील तर दिवाडी, चोडण, जुवे, कुठल्याही बेटावर जाऊन कूळ संघाच्या सेक्रेटरीचं घर विचारा, लोक दाखवतात.